आरसा कशासाठी असतो?



आजच्या लेखाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. केवळ रूप सुधारावे म्हणून डोळ्यांच्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली, ती मनासारखी झाली नाही, उलट डोळ्यांना नवाच त्रास सुरू झाला, आणि मग "मी हे का केले?" हा एकच प्रश्न दिवसरात्र मनाला कुरतडू लागला, तर माणसाने काय करावे? आपण म्हणाल, आमच्यापुढे पोटाचे, शिक्षणाचे, नोकरीचे प्रश्न उभे आहेत. हा श्रीमंतांच्या घरचा प्रश्न आमच्यापुढे कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो आता पुरता खरा राहिलेला नाही. आपल्या खेड्यापाड्यांतील मुले-मुली आज पुण्या-चाकणला नोकरीला आहेत. हातात मोबाईल आहे, त्यात रोज शेकडो चेहरे दिसतात, आणि ऑपरेशनचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडण्याची सोयही आहे. शिवाय पश्चात्ताप ही वस्तू पापणीपुरती नसते. ज्याने जमीन गहाण टाकून धंदा काढला आणि बुडाला, ज्याने मुलीचे लग्न घाईने लावले आणि ती परत आली, त्याच्या घरातही हाच पाहुणा येऊन बसतो. म्हणून या एका उदाहरणाच्या निमित्ताने आपण पश्चात्तापाचाच विचार करू.

उदाहरण कल्पित आहे, पण अशक्य नाही. समजा, जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा येथील एका नवदीक्षित कुटुंबातील मुलगी पुण्यात नोकरी करते आहे. तिच्या वरच्या पापण्या लहानपणापासून जड. शाळेत तिला 'झोपाळू' म्हणत. लग्नाचे पाहू लागल्यावर दोन ठिकाणांहून फोटो परत आला. तिने पैसे साठवले, काही कर्ज काढले, आणि घरी पुरते न सांगता पापण्यांची जादा कातडी काढून घेतली. आता तीन महिने झाले आहेत. झोपेत डावा डोळा पुरता मिटत नाही. सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. दोन्ही डोळे सारखे दिसत नाहीत. रजा काढून ती घरी आली आहे आणि खिडकीपाशी हातात लहानसा आरसा घेऊन बसून असते.

घरात चार माणसे चार प्रकारे बोलतात. आई म्हणते, "अगं पोरी, देवानं काय... म्हणजे, निसर्गानं काय कमी दिलं होतं तुला?" वडील बोलत नाहीत, कांद्याच्या पट्टीतून हप्ता किती आणि घरखर्च किती, याचा हिशेब मांडत बसतात. भेटायला आलेली आत्या उंबऱ्यातच म्हणते, "देव्हारा काढला, तेव्हाच मी म्हणाले होते. कुलदैवत काय उगीच गप्प बसतंय?" आणि मुलगी स्वतःशी म्हणते, "माझ्या हातांनी मी माझे डोळे घालवले."

या चारांपैकी कोणाचे म्हणणे खरे? आपल्या घरात असा प्रसंग आला तर आपण कोणाच्या बाजूने उभे राहू?

देव्हारा आणि मागचा जन्म

आधी आत्याबाईंचे म्हणणे घेऊ, कारण नव्याने धम्म स्वीकारलेल्या घराला हेच सर्वांत जास्त हलवते. मूल आजारी पडले, म्हैस मेली, परीक्षा हुकली की जुनी भीती मागच्या दाराने आत येते. म्हणून काय घडले ते नीट समजून घ्यावे.

पापणीची कातडी ही सबंध शरीरातील सर्वांत पातळ कातडी होय. पापणीचे काम दिसण्याचे नाही, डोळा राखण्याचे आहे. ती दर मिनिटाला कित्येक वेळा लवते आणि अश्रूंचा पातळ थर बुबुळावर सारवते. शस्त्रक्रियेत कातडी प्रमाणापेक्षा अधिक निघाली, किंवा जखम भरताना व्रण आखडला, तर पापणी आखूड पडते. मग डोळा पुरता मिटत नाही, बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो आणि खुपू लागतो. दोन्ही बाजूंची सूज सारख्या वेगाने उतरत नाही, म्हणूनही काही काळ डोळे विषम दिसतात. ज्याचे डोळे आधीपासून कोरडे आहेत, ज्याला थायरॉईडचा विकार आहे, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, त्याला धोका अधिक. ही कारणे आहेत. यांत कुलदैवताला जागा कोठे आहे? देव्हारा असलेल्या घरातल्या मुलीची कातडी तेवढीच काढली असती, तर तिचाही डोळा तसाच उघडा राहिला असता. कारण असेल तर कार्य घडते, आणि कारण दूर केले तर कार्य थांबते, हे ज्याला कळले त्याला नवस बोलण्याचे कारण उरत नाही. त्याला डॉक्टरकडे जाण्याचे कारण मिळते.

पण आपल्यापैकी कोणी म्हणेल, देव नसेल, पण मागच्या जन्मीचे कर्म तर असेल? विहारात चक्खुपाल थेरांची कथा आपण ऐकली असेल. धम्मपदाच्या अट्ठकथेतील ती पहिलीच कथा आहे. थेरांची दृष्टी गेली. आणि त्याचे कारण म्हणून कथाकार सांगतो की मागच्या एका जन्मी ते वैद्य होते आणि त्यांनी एका स्त्रीचे डोळे जाणूनबुजून घालवले होते. या कथेतून वैद्याने रोग्याशी कपट करू नये हा बोध घ्यावा, तो चांगलाच आहे. पण दुखऱ्या डोळ्यांच्या मुलीपुढे ही कथा मांडून "तूही मागे कोणाचे तरी डोळे घालवले असशील" असे सुचवणे हा क्रूरपणा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते या मताची कठोर चिकित्सा केली आहे. दारिद्र्य आणि हीन दर्जा हे मागच्या जन्माचे फळ म्हटले की समाजाची जबाबदारी संपते, हे त्यांनी ओळखले होते. पिढ्यान् पिढ्या आपल्याला हेच सांगण्यात आले. जे उत्तर आपण आपल्या अस्पृश्यतेविषयी नाकारले, तेच उत्तर आपल्या मुलीच्या डोळ्याविषयी स्वीकारावे काय?

रूप बदलण्याची इच्छा हा अपराध आहे काय?

आता आईचे म्हणणे. निसर्गाने दिलेले रूप बदलायला जाणे हीच चूक, असे तिला वाटते. पुष्कळांना तसेच वाटते. पण जरा इतिहास पाहू, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला पाहू.

१७९२ च्या युद्धात कावसजी नावाचा एक शेतकरी जातीचा बैलगाडीवान इंग्रज सैन्याबरोबर होता. टिपूच्या सैन्याने त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले. प्रथम मेणाचा साचा करून माप घेतले, कातडीचा देठ दोन भुवयांच्या मध्ये जोडलेला ठेवला, काताचा लेप लावला, पुढे तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचा वृत्तांत चित्रासह छापून आला. तो वाचून पुढे लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात नव्या प्लॅस्टिक सर्जरीला चालना मिळाली. त्या वृत्तांतात शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाची जात नोंदलेली आहे: विटा भाजणाऱ्यांची. त्याचे नाव मात्र नोंदलेले नाही. ज्यांना विद्येचा अधिकार नाकारला होता, त्यांच्या हातांत ही विद्या होती, हे आपण आपल्या मुलांना सांगावे.

कावसजीला कोणी म्हणेल काय की तू कापलेल्या नाकातच समाधान मानायला हवे होते? पापण्यांवरची शस्त्रक्रियासुद्धा अशाच गरजेतून निघाली. जर्मन शल्यविशारद फोन ग्रेफे याने १८१८ मध्ये तिला 'ब्लेफरोप्लास्टी' हे नाव दिले, तेव्हा ती रोगाने गेलेली पापणी पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया होती. आपल्याकडे खुपऱ्यांच्या रोगाने ज्यांच्या पापण्या आत वळत आणि केस बुबुळाला घासत, अशा कित्येकांची दृष्टी पापणी कापूनच वाचवावी लागे. या रोगाचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने भारतात उच्चाटन झाले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. तेव्हा शस्त्र वाईट नाही, आणि शरीरात बदल करणेही वाईट नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना सांगितले की ज्या पोशाखावरून आणि दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते तो टाकून द्या. लुगडे इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. हातापायांतील ते वजनदार कथलाचे, चांदीचे अलंकार उतरवा. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. रूप बदलण्यात आत्मसन्मान असू शकतो, हे आपल्या चळवळीला नवे नाही. आणि पंचशीलात कोठेही नटण्याला बंदी नाही. माळा, सुगंध, अलंकार यांपासून दूर राहण्याचे शील उपोसथाच्या दिवशी आठ शिले घेणाऱ्यांसाठी आणि भिक्षूंसाठी आहे. म्हणून "रूपाचा लोभ धरलास, धम्म मोडलास" असे त्या मुलीला कोणी म्हणू नये.

मग काहीच चुकले नाही काय? येथे एक भेद करावा लागतो. १९५४ साली, कोरियातील युद्ध संपल्यावर, राल्फ मिलार्ड नावाचा अमेरिकन शल्यविशारद तेथे होता. एक कोरियन दुभाषा त्याच्याकडे डोळे बदलून घ्यायला आला. आपले डोळे अरुंद असल्यामुळे अमेरिकनांना आपल्या मनातले कळत नाही आणि ते आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, असे त्याचे म्हणणे मिलार्डने लिहून ठेवले आहे. विचार करा, दोष कोणाच्या डोळ्यांत होता? पाहणाऱ्याच्या. पण शस्त्र चालले ते पाहिला जाणाऱ्याच्या डोळ्यावर. महाडच्या स्त्रियांनी दुसऱ्याने लादलेली खूण उतरवली. दुभाषाने दुसऱ्याची आवड आपल्या अंगावर चढवून घेतली. दोघांनीही रूपच बदलले. पण एकीकडे माणूस ताठ झाला, दुसरीकडे तो आणखी वाकला. आणि हेही खरे की वाकलेला माणूस अपराधी नसतो. त्याला वाकवणारे कोणीतरी असते.

आपल्या निमगावच्या मुलीला 'झोपाळू' कोणी म्हटले? फोटो कोणी परत केला? आपल्याच घरांत सून पाहताना 'गोरी हवी, नाकीडोळी नीटस हवी' असे आपण म्हणत नाही काय? हुंडा नको म्हणणारे आपण, जात नको म्हणणारे आपण, रंग आणि डोळे मात्र तपासून घेतो.

पाहणाऱ्यांची नजर किती टिकते, याचे उदाहरण तर आपल्याच तालुक्यात आहे. नारायणगावच्या विठाबाईंच्या एका अदेवर सारा महाराष्ट्र दौलतजादा करत होता, राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला. पण उतारवयात त्यांच्या वाट्याला हलाखी आली, आणि २००२ साली त्या गेल्या. टाळ्या वाजवणारी नजर दुखण्याच्या वेळी जवळ असेलच, असे नाही. तिच्यासाठी डोळा पणाला लावावा, इतकी तिची किंमत नाही.

राहुलाचा आरसा

आता मुलीचे स्वतःचे म्हणणे. "माझ्या हातांनी मी माझे डोळे घालवले." हे सर्वांत कठीण.

मज्झिम निकायात, अंबलट्ठिका येथे भगवान बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला केलेला उपदेश आहे. राहुल तेव्हा अगदी लहान होता असे परंपरा सांगते. हा उपदेश इतका मोलाचा मानला गेला की सम्राट अशोकाने भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत म्हणून ज्या सात उपदेशांची नावे शिलालेखात कोरवली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे. त्यात तथागत मुलाला एक साधा प्रश्न विचारतात: आरसा कशासाठी असतो? राहुल उत्तर देतो की पाहण्यासाठी. त्यावर ते सांगतात की तसेच आपल्या कर्माकडे पाहावे. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही इजा होते काय, हे तपासावे. आणि केल्यानंतर ते कर्म अहिताचे होते असे दिसले तर काय करावे? शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे ते उघड करावे आणि पुढे सावध राहावे.

एवढेच. वाचकहो, येथे काय सांगितलेले नाही, तेही पाहा. रडत बसावे असे सांगितलेले नाही. उपास, नवस, प्रायश्चित्त सांगितलेले नाही. जन्मभर स्वतःला शिव्या द्याव्या असे सांगितलेले नाही. आपल्याकडे पश्चात्तापाला पुण्य मानण्याची सवय आहे. जितके अधिक जळावे तितके अधिक शुद्ध व्हावे, असा समज आहे. धम्माचा विचार वेगळा आहे. केल्या-न केल्याबद्दल मनाची जी सततची तगमग, तिला पालीत 'कुक्कुच्च' म्हणतात. आणि तिची गणना सद्गुणांत नव्हे, तर चित्ताच्या पाच नीवरणांत, म्हणजे अडथळ्यांत केली आहे. चूक ओळखणे हा प्रकाश आहे. चुकीला चघळत बसणे हा अडथळा आहे.

खिडकीपाशी बसलेली मुलगी आरशात पाहते, पण चेहरा पाहते, कर्म पाहत नाही. चेहरा पाहून तिला रोज तीच शिक्षा मिळते. कर्म पाहिले तर काय दिसेल? शेतकरी खळ्यावर रास मोजतो आणि ज्याचा त्याचा वाटा वेगळा काढतो, तशी या पश्चात्तापाची वाटणी करून पाहू.

पहिला वाटा हेतूचा. चेतनेलाच भगवंतांनी कर्म म्हटले आहे. तिच्या मनात कोणाला इजा करावी असे होते काय? नव्हते. चांगले दिसावे, मान मिळावा, एवढेच होते. फळ वाईट निघाले म्हणून कर्म वाईट होते असे ठरत नाही. कुशल डॉक्टरच्या हातून, योग्य रोग्यावर, पुरती काळजी घेऊनही काही शस्त्रक्रिया बिघडतात. असे झाले असेल तर तो वाटा कोणाचाच नाही.

दुसरा वाटा तिच्या स्वतःच्या चुकीचा. तो लपवू नये. आधीपासून डोळे कोरडे होतात हे तिने डॉक्टरला सांगितले होते काय? स्वस्तात होते म्हणून जागा निवडली काय? धोक्यांविषयी विचारले काय, की कागदावर न वाचताच सही केली? घरी सांगितले नाही, म्हणून सोबत विचार करायला कोणी उरले नाही, हे खरे ना? जेवढे खरे असेल तेवढे तिने कबूल करावे. पसाभर असेल तर पसाभर. त्याची पोती करू नयेत.

तिसरा वाटा करणाऱ्याचा. धोके समजावून न सांगता, किंवा पुरेसे कौशल्य नसताना कोणी शस्त्र चालवले असेल, तर तो दोष मुलीने आपल्या डोक्यावर का घ्यावा? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ साली त्याच न्यायालयाने रोग्याची संमती ही धोके आणि पर्याय समजून दिलेली संमती असली पाहिजे, हे स्पष्ट केले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत मिळाली पाहिजेत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. कागदपत्रे मागा, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. दोष निघाला तर दाद मागा. न निघाला तर कोणावर उगीच आळ घेऊ नका. बाबासाहेबांनी आपल्याला नशिबाला दोष देण्याऐवजी हक्काची भाषा शिकवली, ती येथेही लागू आहे.

चौथा वाटा पाहणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा-आमचा. त्याविषयी वर बोललो आहे.

एवढी वाटणी झाल्यावर मुलीच्या पदरात जे उरते ते वाहता येण्याजोगे असते. सगळी रास एकटीच्या डोक्यावर होती, म्हणून मान मोडत होती.

दुसरा बाण

संयुक्त निकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराचा. अज्ञ माणूस शोक करून, ऊर बडवून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो, तो मनाचा. जाणत्याला पहिलाच लागतो. हा दृष्टांत आपण ऐकला असेल. पण "मग दुसरा मारून घेऊ नकोस" एवढे सांगून तो टळत नाही. मन ऐकत नसते. त्यासाठी हाताला काम द्यावे लागते.

प्रथम पहिल्या बाणाचा इलाज करा. डोळ्यात अचानक तीव्र कळ आली, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, दिसणे कमी झाले, तर रात्र असली तरी थांबू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत तर एक तासही दवडू नका. एरवी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बुबुळ कोरडे पडून जखम झाली आहे काय, ते तपासून घ्या. नारायणगावी मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे, पुण्यात ससूनचा नेत्रविभाग आहे. पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे खास शिक्षण घेतलेले नेत्रशल्यविशारदही असतात, त्यांचे मत घ्या. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, गरज पडल्यास पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवणे, हे उपाय डॉक्टर सांगतात. मध, दूध, झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नका. कोणाचे उरलेले थेंबही घालू नका. स्टेरॉईडचे थेंब मनाने घातल्याने काचबिंदू होऊन दृष्टी गेल्याची उदाहरणे आहेत.

आणि दुरुस्तीच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करू नका. व्रण मऊ पडायला महिने लागतात. बुबुळाला धोका नसेल तर तज्ज्ञ साधारण सहा महिने तरी थांबायला सांगतात. पुष्कळदा या काळात पापणी सैल होते, विषमता कमी होते. न झाल्यास दुसरीकडची कातडी लावण्यासारखे उपाय आहेत. पहिला निर्णय घाईने झाला म्हणून पश्चात्ताप होतो आहे. त्या पश्चात्तापाच्या भरात दुसरा निर्णयही घाईने घेऊ नये.

मनासाठी काय करावे? आरसा फोडू नका. त्याला वेळ ठरवून द्या. औषध घालताना दोनदा पाहावे, एरवी तो खिळ्याला टांगलेला असावा. फरक पाहायचा तर आठवड्यातून एकदा त्याच उजेडात फोटो काढून तारीख लिहावी. दर तासाला पाहिल्याने फरक दिसत नाही, फक्त भीती दिसते. जे घडले ते एकदा, सबंध, एका विश्वासाच्या माणसाला सांगावे. राहुलाला सांगितलेले उघड करणे ते हेच. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणे नको वाटू लागले, तर ते मनाचे दुखणे आहे आणि त्यालाही डॉक्टर असतो. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते.

घराने काय करावे?

शेवटी आपल्याकडे, म्हणजे घरातल्या माणसांकडे येऊ. खोटा धीर देऊ नका. "काही दिसत नाही गं" असे म्हटले तर तिला कळते, आणि मग तुमच्या इतर शब्दांवरचाही तिचा विश्वास उडतो. डावा डोळा उघडा राहतो, हे खरे आहे ते खरे म्हणा. पण "का केलेस?" हा प्रश्न आता विचारू नका. त्याचे उत्तर ती दिवसातून शंभरदा स्वतःला देते आहे. त्याऐवजी "आज जास्त खुपतंय का?" असे विचारा.

वडिलांनी हिशेब जरूर करावा, पण तो तिच्यासमोर आणि तिला सोबत घेऊन करावा. हप्ता किती, तिच्या पगारातून किती, घरातून किती, हे ठरले की ती ओझे राहत नाही, भागीदार होते. भाऊ-बहिणींनी चार लोकांत तिच्या डोळ्याची चर्चा करू नये. पाहुणे विचारतील त्यांना "ऑपरेशन झालंय, उपचार चालू आहे" एवढे उत्तर पुरे. ते खोटेही नाही आणि उघडे पाडणारेही नाही.

आत्याबाईंशी भांडू नका. त्यांच्या मनात दुष्टपणा नाही, भीती आहे. आणि ती भीती कालपर्यंत आपल्याही घरात होती. त्यांना खिडकीपाशी बोलवा. डॉक्टरांचा कागद दाखवा, पापणी किती आखूड पडली आहे ते दाखवा, कशाने पडली ते सांगा. मग रात्री झोपण्याच्या वेळी मलमाची नळी त्यांच्या हाती द्या. बोटाला मलम घेऊन, त्या मुलीचा डोळा हळूच मिटवून, वर पट्टी लावायला कोणीतरी लागतेच. सकाळी डोळा कालच्यापेक्षा कमी लाल असेल, तर तो त्यांनाही दिसेल.